आत्याबाईंची शाल

१

दोष घडला की तो कुणाच्या तरी नावावर लावल्याखेरीज समाजाच्या मनाला स्वस्थता लाभत नाही. ते नाव योग्य की अयोग्य, हा विचार पुष्कळदा मागाहून येतो; आणि तो येईपर्यंत एखाद्या निरपराध जिवाच्या वाट्याला इतकी अवहेलना आलेली असते की नंतरचा न्याय अपुराच वाटतो. म्हणून निवाडा करणाऱ्याने घाई करू नये, आणि ज्याला सत्य ठाऊक आहे त्याने उशीर करू नये. या दोन्ही कर्तव्यांची एकाच पत्र्याच्या छपराखाली कशी परीक्षा झाली, त्याची ही हकिगत.

ज्यांना नेहमीच्या बसची पायरी चढवत नाही अशा वृद्धांना, अपंगांना आणि दीर्घ आजाऱ्यांना घराच्या दारातून उचलून रुग्णालयाच्या दारात सोडणाऱ्या लहान गाड्या जागोजागी चालतात. त्या चालवणाऱ्या संस्थांचे वार्षिक संमेलन नदीकाठच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या बस आगारात भरले होते. बाहेर धुके इतके दाट होते की सकाळ झाली तरी आगारातले दिवे मालवता आले नव्हते. उंच छपरावर साचलेले दव मधूनच एखादा थेंब खाली सोडी, आणि तो पत्र्यावर, काचेवर किंवा कुणाच्या मानेवर पडे.

संमेलनात व्याख्याने होती, प्रदर्शन होते. परंतु चालकांचा जीव अडकलेला असे तो दोषशोधनाच्या स्पर्धेत. आगाराच्या मधोमध एक गाडी उभी केली जाई. आदल्या संध्याकाळी परीक्षक तिच्यात मुद्दाम काही दोष पेरून ठेवीत. कुठे आरसा सैल करीत, कुठे दिवा काढून घेत. चालकाने ते हुडकावे, मग मागच्या चाकांच्या खुर्चीतील प्रवाशाला पट्ट्यांनी नीट बांधावे आणि आवारातून एक फेरी मारून यावे, असा नियम होता. हा प्रवासी म्हणजे वाळू भरलेली, माणसाच्या वजनाची एक कापडी बाहुली. तिला ना डोळे होते, ना नाक. चालक तिला आत्याबाई म्हणत. कारण तोंडाने एक अक्षर न बोलता सगळ्यांच्या चुका काढणारे दुसरे नाते त्यांना सुचले नव्हते.

मुख्य परीक्षक होत्या बाई. उभे आयुष्य चालकांना शिकवण्यात घालवलेल्या त्या निवृत्त प्रशिक्षिकेला सगळे एवढ्याच नावाने ओळखीत. त्यांनी आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मिळून यंदाचे दोष पेरले होते.

पहिला स्पर्धक होता पहिलवान. धिप्पाड देहाचा, सतत विनोद करणारा हा चालक गेल्या वर्षीचा विजेता होता. तो हसत गाडीत चढला आणि थोड्याच वेळात उतरला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"बाई, आरसा सापडला, दिवा सापडला. पण तो मागचा प्रकार तुमचा की मिस्त्रींचा?"

"कुठला प्रकार?"

"आत्याबाईंना शाल पांघरलीय. चष्मा पण लावलाय." तो गाडीच्या दारापासून मागे सरला. "थट्टा असेल तर फार वाईट आहे, सांगून ठेवतो."

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "आपण काल अशी काही सोडली नव्हती तिला."

बाई गाडीत चढल्या. मागच्या अंधुक कोपऱ्यात, बिनडोळ्यांच्या चेहऱ्यावर चष्मा लावून, तपकिरी शाल अंगभर लपेटून ती आकृती मान किंचित कलती ठेवून बसली होती. जणू मागून कुणी हाक मारील म्हणून कान देऊन. दारात पावलांचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिले तेव्हा पायरीवर एक बुटकी, सडपातळ तरुणी दांडा घट्ट धरून उभी होती.

"ही माईंची शाल आहे," ती म्हणाली. "बाई, माई तर गेल्या ना?"

२

त्या तरुणीला चिमणी म्हणत, कारण चालकाच्या जागेवर बसली की ती बाहेरून दिसतच नसे. दोन महिन्यांपूर्वी ती माईंना रुग्णालयात घेऊन निघाली होती. वाटेत एक जनावर आडवे आले, चिमणीने करकचून ब्रेक दाबला आणि माईंची खुर्ची सुटून पुढे गेली. समोरच्या दांड्यावर डोके आपटून माई जागीच गेल्या. मागच्या पट्ट्याची खुंटी गाडीच्या तळाशी मोकळी पडलेली सापडली. ती तुटली नव्हती, वाकलीही नव्हती. तेव्हा ती बसवलीच नसणार, असे सर्वांनी मानले. चिमणी मात्र शपथेवर सांगत होती की चारही पट्टे तिने बांधले होते. तिचा परवाना कायमचा काढून घ्यावा की नाही, हे तीन जणांची समिती याच संमेलनात दुपारी ठरवणार होती. त्या तिघांपैकी एक बाई होत्या.

चिमणी ज्या संस्थेत होती तिचे व्यवस्थापक धावत आले. "काढा आधी ते सोंग! बाई, हे हिनेच केलंय. समितीला घाबरवायला."

"मी?" चिमणीचा आवाज चिरकला. "साहेब, दोन महिने मी त्या खुर्चीच्या स्वप्नाने दचकून उठते. मी तिला हात तरी लावीन का?"

"काही काढू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्याने हे केलं त्याला काहीतरी सांगायचं आहे. त्याचं बोलणं आपण अर्ध्यावर तोडू नये."

त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळे बोलावले. चहाच्या टेबलामागे दोन खुर्च्या होत्या; तीच त्यांची कचेरी.

व्यवस्थापक बसता बसताच बोलू लागले. "हे बघा, त्या मुलीशी माझं वैर नाही. पण दोष तिचा ठरला नाही तर तो गाड्यांचा ठरतो. मग गाड्या बंद होतात. आमच्याकडे ज्यांना दुसरं कुणी न्यायला नाही अशी माणसं आहेत, बाई. त्यांना मी काय सांगू?"

"म्हणजे तुम्हाला दोषी हवा आहे. खरा असेल तर उत्तमच, एवढंच ना?"

व्यवस्थापकांनी समोरचा चहाचा पेला बाजूला सारला.

"ती शाल तुमच्या कपाटात होती का?"

"हरवलेल्या वस्तूंच्या? नाही हो. गाडीत काही राहिलंच नव्हतं. मी स्वतः पाहिलं."

मिस्त्री हात पुसत आले. अपघातानंतर गाडी त्यांनीच तपासली होती. "पट्टा चांगला, खुंटी चांगली, तळाची खाच साफ. त्यात वाळूचा कणसुद्धा नव्हता. मला त्या पोरीला वाचवायचं होतं, बाई, खोटं कशाला सांगू? पण काही सापडलंच नाही."

"गाडीजवळ तुम्ही पोहोचेपर्यंत कोण होतं?"

"चिमणी तर मोठ्या रस्त्यावर पळाली होती मदत आणायला. फोन लागत नव्हता म्हणे. आत माईंचा मुलगाच होता, आईला धरून बसलेला."

चिमणी बसली तेव्हा तिने हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"माईंविषयी काहीतरी सांग," बाई म्हणाल्या.

ती गोंधळली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "माई फार बोलायच्या. उजवा हात लुळा होता त्यांचा, शाल सारखी त्या बाजूने घसरायची. आधी गाडीला नावं ठेवायच्या, हाडं खिळखिळी करतेस म्हणायच्या. मग मग म्हणायला लागल्या, पोरी, तुझी गाडी आता कापसावरून चालते. तोच रस्ता, तीच गाडी." ती ओझरती हसली आणि लगेच थांबली. "शाल त्या दिवशी फाटली होती, बाई. हुकात अडकून. मी पाहिली होती."

"पट्टे बांधताना खुंटी खाचेत बसली, हे डोळ्यांनी पाहिलंस?"

"शाल मागे लोंबत होती. पण टक् आवाज आला. तुम्हीच शिकवलंय ना? टक् ऐकू आलं की निर्धास्त."

हे वाक्य बाईंनी किती पिढ्यांना घोकून घ्यायला लावले होते!

शेवटी माईंचा मुलगा आला. मध्यम वयाचा, नीटनेटका, हलक्या आवाजाचा. प्रत्येक फेरीत तो आईबरोबर असे. म्हणून समितीने त्याला साक्षीसाठी बोलावले होते, आणि तो कालच येऊन पोहोचला होता.

"शाल तुमच्या आईचीच आहे?"

"तशीच दिसते."

"मग इथे कशी आली?"

"मला माहीत नाही. तिची शाल तिच्याबरोबरच गेली." तो आपल्या बोटांकडे पाहत राहिला. "तुम्ही ती उतरवणार आहात का?"

"नाही. स्पर्धा व्हायची आहे अजून."

त्याने मान वर केली. त्याच्या मुद्रेवर भय असेल असे बाईंना वाटले होते. तिथे सुटका झाल्यासारखे काहीतरी होते, आणि त्यानेच बाईंच्या अंगावर काटा आला.

३

"वेड लागलंय का सगळ्यांना?" व्यवस्थापक पुटपुटले; परंतु परीक्षकाचा शब्द मोडण्याची रीत नव्हती. पहिलवान पुन्हा गाडीत चढला. बाई त्याच्या पाठोपाठ जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, बसलात ना नीट?" त्याने नेहमीच्या ढंगात विचारले. त्याचा आवाज त्या बंद जागेत विचित्र घुमला आणि तो स्वतःच दचकला. त्याने जुने पट्टे सोडले, नव्याने बांधले. पुढचे दोन, टक्, टक्. मागचा डावा, टक्. मागच्या उजव्या पट्ट्याशी शाल खुर्चीच्या पाठीवरून थेट तळापर्यंत लोंबत होती. पहिलवानाचा हात तिच्याजवळ गेला, थबकला, आणि शाल न हलवता तिच्या आडून त्याने चाचपत खुंटी बसवली.

टक्.

त्याने पट्टा ओढून पाहिला. घट्ट होता. बाईंनीही ओढून पाहिला. घट्टच होता.

"निर्धास्त," पहिलवान म्हणाला.

बाई उतरल्या. गाडी धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. सगळे आगाराच्या दाराशी जमून ऐकत होते. नियमाप्रमाणे आवाराच्या टोकाला एकदा जोराने ब्रेक दाबायचा असे. ब्रेकची किंचाळी ऐकू आली, आणि तिच्या पाठोपाठ काहीतरी जड घसरल्याचा, आदळल्याचा आवाज. मग शांतता. त्या शांततेत पहिलवानाची हाक आली, एखाद्या घाबरलेल्या मुलासारखी.

"बाई! अहो बाई!"

ते पळत गेले. पहिलवान आपल्या जागेवर ताठ बसला होता. मागे वळून पाहण्याची त्याची छाती होत नव्हती. खुर्ची मधल्या वाटेने पुढपर्यंत आली होती. बाहुलीचे कपाळ त्याच्या आसनाच्या पाठीला टेकले होते, चष्मा एका कानाशी लोंबत होता, आणि ती त्याच्या कानात काही सांगत असल्यासारखी दिसत होती.

"मी बांधली होती," पहिलवान म्हणाला. "तुमच्यासमोर बांधली ना मी?"

मागे कुणीतरी हुंदका दिला. ती चिमणी होती. गेले दोन महिने हेच वाक्य ती बोलत होती, आणि आज प्रथमच दुसऱ्या तोंडून ते तिला ऐकू येत होते.

४

बाईंनी सर्वांना बाहेर थांबवले आणि कष्टाने गुडघे टेकून गाडीचा तळ पाहिला. जिथे खुर्ची होती तिथे रबराची एक पातळ, राखाडी पट्टी पसरलेली होती. तळाच्याच रंगाची, शालीच्या पदराआड ती दिसलीच नव्हती. तिची एक कड लोखंडी खाचेवर चढली होती. तिच्यावर खुंटी दाबली की टक् असा आवाज येई, हाताच्या ओढीला ती टिकेही. परंतु खाली पुरती न बसल्यामुळे खऱ्या झटक्याला उसळून बाहेर पडे, आणि मग खुर्ची तिरकी होऊन उरलेल्या पट्ट्यांतून निसटे. पट्टीच्या कडेवर खुंटीचा ताजा वण होता. त्याच्या शेजारी तसाच आणखी एक वण होता, जुना आणि मळलेला.

पट्टी उचलता यावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना कापडाच्या लहान कड्या शिवल्या होत्या. दोरा निळा होता. बाईंनी शालीचा पदर उचलून उजेडात धरला. हुकाने फाटलेली जागा बारीक, काळजीपूर्वक रफू केलेली होती, आणि तो दोराही निळाच होता.

त्यांनी बाहुलीकडे पुन्हा एकदा पाहिले. इतकी आदळआपट होऊनही तिच्या उजव्या अंगाची शाल जागची हलली नव्हती. ती बगलेखाली घालून मांडीखाली दाबलेली होती, आणि त्या बाजूचा कापडी हात मांडीवर अलगद ठेवलेला होता. डावी बाजू मात्र सैल.

त्यांनी माईंच्या मुलाला आत बोलावले आणि दार लावून घेतले. छपराचा टपटप आवाज इथे नव्हता. धुक्याने काचा पांढऱ्या केल्या होत्या, आणि त्या दोघांत ती तिसरी बसलेली होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी बोलते. चुकलं तर थांबवा. ज्याने हे मांडलं त्याला अपघात कसा झाला ते ठाऊक होतं. चिमणीला ठाऊक असतं, तर तिने दोन महिन्यांपूर्वीच ओरडून सांगितलं असतं. व्यवस्थापकांना ठाऊक असतं, तर त्यांनी ते असं चव्हाट्यावर मांडलं नसतं. मिस्त्री पोहोचले तेव्हा गाडीत ही पट्टी नव्हती. तिच्यावर जुना वण आहे, म्हणजे अपघाताच्या वेळी ती होती. मधल्या वेळात ती उचलली ती गाडीत असलेल्या माणसाने. चिमणी रस्त्यावर होती."

तो पट्टीवरच्या निळ्या दोऱ्याकडे पाहत होता.

"शाल तुमच्या आईबरोबर गेली म्हणालात. मग ती रफू कुणी केली? आणि या बाहुलीचा उजवा हात लुळा नाही हो. तरी तुमच्या हातांनी त्याच बाजूची शाल दाबून बसवली. ते हातांना सांगावं लागलं नाही."

मग तो बोलू लागला, तेव्हा बाईंकडे नव्हे तर त्या कापडी चेहऱ्याकडे पाहत.

"तिला फार हादरे बसायचे. रात्रभर कण्हायची. म्हणून ती पट्टी मीच कापली, मीच शिवली. रोज चाकांखाली घालायचो. तळाच्याच रंगाची ती, चिमणीच्या लक्षातही आली नाही. ती इतकी खूश झाली होती, बाई. त्या दिवशी घाईत जरा सरकली असेल. ती पडली, तिला उचलताना खाली पाहिलं, आणि कडेवर तो वण दिसला. तेव्हाच सगळं कळलं. पट्टी गुंडाळून कोटात घातली. का घातली ते अजून कळत नाही. आईला मीच मारलं, हे तोंडातून निघेना. मग लोक चिमणीला बोलायला लागले, आणि मी गप्प राहिलो. आज मला साक्ष द्यायची होती, पट्टे बांधताना मी पाहिलं नव्हतं अशी. तेवढं खरं आहे. पण त्याने तिचा जन्म वाया गेला असता."

"मग सरळ सांगायचं."

"तीनदा तुमच्या दारापर्यंत आलो काल. तिन्ही वेळा मागे फिरलो. इथे ही बाहुली दिसली. आईची शाल, तिचा चष्मा, पट्टी, सगळं बरोबरच होतं. वाटलं, तुम्ही सगळे चुका शोधायला आला आहात. माझी चूकही इथेच ठेवतो. कुणालातरी सापडेल."

"पहिलवानाला काही झालं असतं तर?"

त्याने मान खाली घातली. एवढा विचार त्याने केला नव्हता, हे उघड होते.

बाईंनी ती पट्टी त्याच्या हातात दिली. "अर्धा दोष हिचा आहे. उरलेला माझ्या शिकवण्याचा. आवाज ऐका म्हणून मी शिकवलं. बोट घालून पाहा, असं कधी म्हटलं नाही. आता समिती बसेल. तिथे मी सांगू, की तुम्ही?"

५

त्याने सांगितले. आगाराच्या मधोमध, सर्व चालकांसमोर, पट्टी दोन्ही हातांत धरून, एकही शब्द न गाळता सांगितले. व्यवस्थापकांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. समितीला चर्चा करावी लागली नाही.

मग तो चिमणीसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटले, ती रडेल. ती रडली नाही.

"दोन महिने," ती म्हणाली, "मी रस्त्याने निघाले की लोक आपल्या म्हाताऱ्यांना घरात घ्यायचे. माझी सावली पडू नये म्हणून. तुम्ही पाहत होतात ना ते? समोरच राहता तुम्ही."

"पाहत होतो."

"माईंना मी आवडायचे. तुम्हाला माहीत होतं."

"हो. मला माफ—"

"आज नको." तिचा स्वर कडक होता, पण हात पुढे झाला होता. तो त्याच्याकडे नव्हे, व्यवस्थापकांकडे. "साहेब, मला माझ्या गाडीची किल्ली द्या."

व्यवस्थापकांनी ती मुकाट्याने दिली.

धुके विरळ होऊ लागले होते. संमेलनाला आलेल्या काही वृद्ध प्रवाशांना घरी पोहोचवायचे होते. चिमणीने एक खुर्ची आपल्या गाडीत चढवली. चारही खुंट्या बसवल्या, चार वेळा टक् असा आवाज झाला. आणि मग ती तळाशी बसली व प्रत्येक खाचेवरून तिने सावकाश बोट फिरवले. तिच्यामागे वाकून पहिलवानही आपले जाड बोट फिरवून शिकत होता.

माईंचा मुलगा दूर खांबाजवळ उभा होता. शाल घडी करून त्याने काखेत धरली होती. परतीची त्याचीही वाट तीच होती, परंतु गाडीत चढण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे असे त्याला वाटत नसावे. चिमणीने चालकाच्या जागेवर बसून काच खाली केली आणि समोर पाहतच म्हणाली, "मागे त्या आजोबांना शाल नाहीये. गारठलेत ते."

तो क्षणभर काही न कळून उभा राहिला. मग लगबगीने आला. आजोबांच्या खांद्यावर त्याने ती शाल घातली. तिचा पदर मागे लोंबू लागताच त्याने तो उचलून वर खोचला, आणि खाचा उघड्या राहतील असे पाहूनच तो बसला.

गाडी निघाली. आगाराच्या दारात बाई हात जोडून उभ्या होत्या, आणि आतल्या काळोखात आत्याबाई पुन्हा एकदा बिनचष्म्याची, बिनचेहऱ्याची, कुणावरही राग नसलेली बाहुली होऊन बसली होती. गाडीतल्यांना ऐकू गेले नसेल इतक्या हळू आवाजात बाई म्हणाल्या,

"जी गेली तिला शांती लाभो. जे निघाले ते सगळे सुखरूप घरी पोहोचोत."